अस्सलाची प्रत : नाशिकच्या लेखांच्या नकला व त्यांचें प्रकाशन

मंडळाच्या त्रैमासिकाकरितां जे लेख येतात त्यांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. एकांत अस्सल कागदाची किंवा शिलालेखाची नक्कल मुख्य असून तीवरील विवेचन दोनचार परिच्छेदांत आटोपलेलें असतें. दुसऱ्यांत विवेचन दहा पृष्ठें, आणि ज्या कागदावर तें उभारलें त्याच्या दोन ओळी, त्याहि अर्वाचीन शुद्धलेखनांत बसविलेल्या, अशी स्थिति असते. दुसऱ्या वर्गांतील लेखक विद्वान् नसतो असें नाहीं. पुष्कळदां तोच अधिक विद्वान् असतो. तथापि वीस वर्षांनीं त्याचा लेख कोणी उघडीत नाहीं, आणि पहिल्या वर्गांतील सामान्य दिसणारा लेख मात्र पुनःपुन्हां उघडावा लागतो. असें कां होतें हें समजण्यास नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेखांची हकीकत जितकी उपयोगी आहे तितकी दुसरी आम्हांस ठाऊक नाहीं. ज्या संग्राहकांच्या घरीं रुमालच्या रुमाल पडून आहेत आणि त्यांतील कांहीं छापण्यास पाठवावें असें ज्यांच्या मनांत आहे, त्यांच्याकरितां ती येथें थोडी विस्तारानें देत आहों.

नाशिकच्या नैर्ऋत्येस सुमारें पांच मैलांवर मुंबईच्या रस्त्यालगत त्रिरश्मि, लेखांतील तिरण्हु, नांवाचा डोंगर आहे. त्यांत २४ लेणीं कोरलेलीं आहेत. क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात, सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णि, त्याची माता गौतमी बलश्री आणि तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावि यांच्या काळचे लेख त्यांत असल्यामुळें महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचा पाया बव्हंशीं या एका डोंगरावर बसला आहे. परंतु डोंगर कोणी नियतकालिकाकडे टपालानें धाडीत नाहीं. विद्वानांपुढें गेल्या त्या नकला, आणि नकलेची जी योग्यता तीच त्या त्या वेळीं इतिहासाची योग्यता ठरली.

१८५३ च्या सुमारास रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सन यांनीं या लेखांवर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढें निबंध ठेविला. त्यांच्या हातीं होत्या त्या लेफ्टनंट ब्रेट यांनीं केलेल्या नकला. स्टीव्हन्सन हे त्या काळचे मोठे पंडित. पण नक्कल सदोष असली म्हणजे पांडित्य काय करणार? अक्षर चुकलें कीं शब्द चुकतो, शब्द चुकला कीं त्यास अर्थ चिकटविण्यासाठीं कल्पना लढवावी लागते, आणि कल्पना जितकी चतुर तितकी चूक अधिक खोल रुतते. पुढें सुमारें दहा वर्षांनीं ई. डब्ल्यू. वेस्ट व त्यांचे बंधु ए. ए. वेस्ट यांनीं याच लेखांच्या नव्या नकला करून त्याच संस्थेच्या नियतकालिकाच्या सातव्या खंडांत छापविल्या. थोरले वेस्ट लोहमार्गाच्या कामावरील अभियंता होते. पहलवी भाषेचे पंडित म्हणून त्यांची कीर्ति पुढील काळांतील आहे. त्यांच्या नाशिकच्या कामाचें मोल अर्थ लावण्यांत नव्हतें, तर लेख क्रमवार घेऊन, दिसेल तेंच उतरून घेण्यांत होतें. तेवढ्यामुळें तें काम दुसऱ्याच्या उपयोगी पडलें.

तो दुसरा म्हणजे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. लंडन येथें १८७४ सालीं प्राच्यविद्यापंडितांची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद् भरली तिचें त्यांस आमंत्रण होतें. जाणें जमलें नाहीं. त्यांनीं नाशिकच्या लेखांवरील निबंध लिहून धाडला व तो १८७६ त परिषदेच्या वृत्तांतांत छापून आला. निबंधाचा आधार वेस्ट बंधूंच्या नकला. लेखक हजर नाहीं, डोंगर समोर नाहीं, श्रोते परदेशीं; अशा स्थितींत निबंधानें आपला पुरावा स्वतःबरोबरच नेला पाहिजे, आणि या निबंधानें तो नेला. प्रत्येक लेखकानें आपण स्वतः हजर राहून शंका फेडूं शकणार नाहीं असें गृहीत धरूनच लेख सिद्ध करावा, असें आम्हांस यावरून वाटतें. लेख एकदां छापला म्हणजे तसेंच होतें.

१८८३ सालीं दोन कामें एकाच वेळीं बाहेर पडलीं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं स्वतः लेणीं पाहून, नकला घेऊन केलेलें वर्णन व वाचन मुंबई गॅझेटियरच्या नाशिक जिल्ह्याच्या, म्हणजे सोळाव्या खंडांत आलें, आणि डॉ. ब्यूलर यांचें वाचन पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व-पाहणीच्या चवथ्या खंडांत आलें. शेवटीं फ्रेंच पंडित सेनार यांनीं १९०५-०६ च्या ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडांत सर्व लेख पुन्हां संपादून ठशांच्या चित्रांसह छापिले. म्हणजे पहिल्या निबंधापासून विश्वसनीय पाठापर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ गेला. इतकें करून वाद मिटले असें नव्हे. परंतु ठशाचीं चित्रें जोडल्यामुळें वाद करणाराचे डोळे आतां मुळावर टेकूं लागले, हा लाभ मोठा आहे.

नकलेंत एवढी सावधगिरी कशास, असें विचारणारास आम्ही दहाव्या लेण्यांतील उषवदाताचा अक्षयनीवीचा लेख दाखवितों. ४२ व्या वर्षीं वैशाख मासांत उषवदातानें हें लेणें चातुर्दिश संघास दिलें, आणि त्याबरोबर ३,००० काहापण अक्षयनीवि म्हणून ठेविले. हे पैसे गोवर्धनांतील विणकरांच्या दोन श्रेणींत, लेखांतील शब्दांत कोलिकनिकायांत, गुंतविले होते. एकींत २,००० शेंकडा एक प्रतिक व्याजानें व दुसरींत १,००० शेंकडा पाऊण प्रतिक व्याजानें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें. २,००० च्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा काहापण चीवराकरितां मिळावयाचे होते. हें व्याज महिन्याचें कीं वर्षाचें, तें शब्दानें सांगितलेलें नाहीं. वर्षाचें म्हणावें तर २,००० वर अवघे वीस काहापण येतात. महिन्याचें धरिलें म्हणजे महिन्यास वीस, वर्षास २४० होतात. आणि वीस भिक्षु व प्रत्येकीं बारा यांचा गुणाकार बरोबर २४० च येतो. प्रतिक म्हणजे काहापणच, आणि व्याज दरमहाचें, या दोन्ही गोष्टी एका गुणाकारानें सिद्ध झाल्या. तोच हिशेब १,००० ला लाविला तर वर्षाचे ९० काहापण निघतात. पुढें याच लेखांत देवब्राह्मणांस दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा उल्लेख असून पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण असा भाव दिला आहे. भागून पाहावें, दोन हजार सुवर्ण होतात. हे आंकडे कोरणारानें शब्दांनीं व अंकचिन्हांनीं असे दोन्ही रीतींनीं दिले आहेत. नक्कल करणारानें ‘पुनरुक्ति’ म्हणून त्यांतील एक गाळलें असतें, किंवा वीसाच्या जागीं तीस वाचलें असतें, तर हा सर्व ताळा नाहींसा झाला असता, आणि दुसऱ्या शतकांतील गोवर्धनच्या विणकरांकडील व्याजाचा दर आज आपणांस सांगतां आला नसता.

याच लेखांत वर्षांचा क्रमहि सरळ नाहीं. आधीं ४२ वें वर्ष येतें, मग ४१ वें आणि ४५ वें. एकाद्या व्यवस्थित मनुष्यास हा क्रम ‘दुरुस्त’ करावासा वाटेल. उषवदाताच्या दुसऱ्या एका मोठ्या लेखाचा आरंभ संस्कृतांत असून पुढें भाषा प्राकृताकडे वळते, आणि ज्याचें वर्णन तृतीय पुरुषीं चाललें होतें तो स्वतःच ‘मी’ म्हणून बोलूं लागतो: भट्टारकाच्या आज्ञेनें मालयांनीं वेढलेल्या उत्तमभद्रास सोडविण्यास आपण पावसाळ्यांत गेलों, असें सांगतो. हा सांधा जसाच्या तसा छापला म्हणूनच त्यावर विचार होऊं शकतो. नांवाचेंहि तसेंच आहे. त्याच्या स्वतःच्या लेखांत तो ‘उषवदात’ आहे; गौतमीपुत्राच्या आज्ञापत्रांत ‘उसभदात’. सर्वत्र ‘ऋषभदत्त’ असें शुद्ध रूप घातलें तर वाचकाचे श्रम वांचतील, पण दोन कचेऱ्यांच्या लेखनपद्धतींतील फरक कायमचा पुसला जाईल.

हें आज्ञापत्र गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षींचें असून गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास उद्देशून आहे. अपरकखडी गांवचें २०० निवर्तनें शेत तिरण्हुवरील भिक्षूंस दिल्याचें तें सांगतें. त्या शेतास ‘अजकालकिय’ असें विशेषण लागलें आहे. कोणी म्हणतात हें शेताचें नांव. कोणी म्हणतात ‘आजपर्यंत’ अशा अर्थाचें पद, म्हणजे शेत अगदीं त्या दिवसापर्यंत उसभदाताकडे होतें. पहिला अर्थ घेतला तर एका शेताचें नांव कळलें, यापलीकडे कांहीं नाहीं. दुसरा घेतला तर नहपानाच्या जांवयाची सत्ता गोवर्धनांतून जाऊन थोडेच दिवस झाले असतां ही आज्ञा सुटली असें ठरतें, व दोन राजवंशांच्या कालक्रमाची गांठच त्या पदावर बसते. आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. परंतु आमचा कल कोणताहि असो, पद जसें कोरलें आहे तसें समोर नसतें तर वाद करण्यासहि जागा राहिली नसती.

शिलालेखहि एका अर्थीं नक्कलच आहे, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. अक्षयनीवीच्या लेखांत शेवटीं सांगितलें आहे कीं हें सर्व निगमसभेंत ऐकविलें आणि रूढीप्रमाणें फलकवारांत नोंदविलें. मूळ दस्त तो तेथला. खडकावर आली ती त्याची प्रत. गौतमीपुत्राच्या आज्ञापत्रांतहि आधीं तोंडी आज्ञा, मग तिचें लेखन, मग पट्टिका देणें, असे टप्पे नोंदले आहेत. गोवर्धनचे फलक गेले, निगमसभा गेली. ज्यानें प्रत काळजीनें कोरली त्याच्या हातचें तेवढें उरलें.

नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभीचा ठेवा हें याच गोष्टीचें दुसरें अंग. तेथें १९०६ सालीं नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड सांठा सांपडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं त्यांतील १३,२५० नाणीं तपासून त्यांवरील निबंध मुंबई शाखेच्या नियतकालिकाकडे दिला. त्यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. क्षहरातांचा निःशेष नाश केल्याची जी प्रौढी बलश्रीच्या लेखांत आहे तिला चांदीची साक्ष मिळाली. स्कॉट यांनीं निवडक वीस सुबक नाणीं घेऊन निबंध लिहिला असता तर तो अधिक चटकदार झाला असता. त्यांनीं मोजणी केली, म्हणून प्रमाण कळलें. नाण्यांवरील मुखें एकमेकांशीं जुळत नाहींत हें पाहून त्यांनीं तीं घराण्यांतील निरनिराळ्या पुरुषांचीं असावीं असा तर्क केला. तो तर्क मान्य असो वा नसो, त्यांची मोजणी आजहि घ्यावी लागते. सांठा एकदां संग्रहालयांतून व खासगी पेट्यांतून वांटला गेला कीं पुन्हां तशी मोजणी करणें कोणासच शक्य नसतें.

पांडवलेण्यांचा खडक अद्याप जागेवर आहे. शंका आल्यास अर्ध्या तासांत जाऊन पाहतां येतें. कागदाचें तसें नाहीं. नाशिक क्षेत्रांत जुन्या कागदांची वाण कधींच नव्हती. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांचे स्वहस्ताक्षराचे लेख व वंशावळी आहेत. गोपिकाबाई पेशवे यांचा उत्तरकाळ गंगापूर-नाशिकास गेल्यामुळें पुणें दरबाराचा व या क्षेत्राचा पत्रव्यवहार चालू असे. वाडा पाडून इमारत उठते तेव्हां माळ्यावरचा रुमाल कोठें जातो हें संग्राहकांस सांगावयास नको. अशा कागदाची जी प्रत त्रैमासिकांत छापेल तीच कदाचित् पुढें एकमेव उरेल, या समजुतीनें ती केली पाहिजे.

तेव्हां मोडी कागदाची प्रत करतांना काय पाहावें? मोडींत शब्द सलग लिहिलेले असतात व ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. म्हणून शब्द तोडणें हा नकलेंतला पहिला अर्थनिर्णय होय. जेथें दोन तऱ्हांनीं तोडतां येईल तेथें तसें टिपेंत सांगावें. बालबोधींत उतरतांना मुळांतलें लेखन ठेवावें, शाळेंतील नियम लावूं नयेत. ओळ संपली तेथें खूण करावी. फाटल्यामुळें गेलेलीं अक्षरें किती असावींत तें ठिपक्यांनीं दाखवावें, आणि आपण तर्कानें भरलेलें अक्षर कंसांत घालावें. कंस नसलेलें प्रत्येक अक्षर कागदावर डोळ्यांनीं दिसलेलें आहे, अशी वाचकास खात्री हवी. शिक्का, मोर्तब, कागदाच्या बंदांच्या सांध्यावर पाठीमागें उठविलेला शिक्का, हाताचा पालट, समासांतील शेरा, हें सर्व मजकुराइतकेंच बोलतें. हल्लीं मोबाईलवर छायाचित्र क्षणांत निघतें आणि पुष्कळांस वाटतें कीं आतां नकलेचें काम उरलें नाहीं. छायाचित्र अवश्य जोडावें. परंतु पाठीकडची बाजू, लांबीरुंदीचें माप आणि फिकट शाईचा शेरा यांकडे लक्ष नकलनिसाचें असतें, यंत्राचें नसतें.

सर्वांत अधिक घात तिथींच्या रूपांतरांत होतो. शकांत ७८ मिळवावे हें सर्वांस ठाऊक असतें, पण इंग्रजी वर्षारंभानंतर फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात हें विसरतें. पानिपतचा संग्राम पौष शुद्ध ८ शके १६८२ चा. ७८ मिळवून तो १७६० त नेणारी नक्कल आमच्या पाहण्यांत आली आहे. खरी तारीख १४ जानेवारी १७६१. त्याच दिवसाचा सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१, जून १७६० च्या मृगापासून लागलेला. सुहूर सन सौर आहे, पण त्याबरोबर ‘छ’ घालून दिलेली तारीख चांद्र महिन्याची असते. चांद्र वर्ष सुमारें अकरा दिवसांनीं आंखूड असल्यामुळें एकाच सुहूर सनांत कांहीं चांद्र तारखा दोनदां येतात. अशा वेळीं कागदांत वार दिला असेल तर तोच निवाडा करतो, आणि नकलनिसानें वार क्षुल्लक म्हणून गाळला असेल तर निवाडा होतच नाहीं. यूरोपीय तारीख देतांनाहि पद्धति सांगावी. जेधे शकावलींतील शिवजन्माची तिथि, फाल्गुन वद्य ३ शके १५५१, ही १९ फेब्रुवारी १६३० होते ती जुन्या पद्धतीनें; नव्या पद्धतीनें तीच १ मार्च. म्हणून मूळ तिथि नेहमीं आधीं द्यावी व रूपांतर मागून, वेगळें.

प्रत सिद्ध झाली म्हणजे दुसऱ्या कोणास मूळ वाचावयास लावून आपण नकलेवर बोट ठेवावें. एकट्यानें ताडून पाहिलें असतां डोळा मनांतलेंच वाचतो. अस्सल टपालानें धाडूं नये. नकलेची एक प्रत घरीं ठेवावी. कागद कोणाच्या संग्रहांतील, कोणत्या गांवीं व कोणत्या रुमालांत मिळाला, तें आरंभीं लिहावें; मालकाचें नांव छापणें त्यास नको असेल तर संग्रह खासगी आहे एवढें तरी नमूद असावें. वंशावळींत किंवा कर्जखतांत एकादें नांव हयात कुटुंबास लाजिरवाणें वाटत असल्यास तें गाळण्याचा अधिकार संग्राहकास आहे, पण गाळलें आहे हें सांगितल्यावांचून नव्हे. एकच लेख दोन नियतकालिकांकडे एकदम धाडण्याची चाल अलीकडे दिसते. तिनें दोन्हीकडील परीक्षकांचे श्रम व्यर्थ जातात. संपादकाकडून शंका आल्या म्हणजे कांहीं संग्राहक रुसतात. वास्तविक शंका येणें हें लेख कोणीतरी लक्षपूर्वक वाचल्याचें लक्षण आहे, आणि पुष्कळ शंकांचें उत्तर ‘पुन्हां पाहिलें, अक्षर तेंच आहे’ एवढ्या एका ओळींत देतां येतें.

आपल्यास लिहिण्याची हातोटी नाहीं, इंग्रजी येत नाहीं, म्हणून लेख पाठवीत नाहीं, असें सांगणारेहि भेटतात. भगवानलाल इंद्रजी आपले निबंध गुजरातींत लिहीत. ब्यूलरसारख्यांनीं तीं टिपणें इंग्रजींत आणून ‘इंडियन अँटिक्वरी’सारख्या नियतकालिकांत छापविलीं, आणि लायडेनच्या विद्यापीठानें त्या जुनागडच्या पंडितास सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. मंडळाकडे तर भाषांतराचाहि प्रश्न नाहीं. नक्कल चोख असली तर विवेचन चार ओळींचें चालेल. मुळींच नसलें तरी चालेल.

नक्कल छापून आल्यावर अस्सल निकामी झालें असें मात्र कोणीं समजूं नये. भगवानलाल व सेनार यांस आधीच्या छापील पाठांतून पुन्हां मुळाकडे वळावें लागलें. रुमाल सोडतांना कागद ज्या क्रमानें होते त्या क्रमाची यादी प्रथम करावी, काम झाल्यावर ते त्याच क्रमानें बांधावे, आणि कोणत्या कागदाची प्रत कोणत्या वर्षीं कोठें छापली याची चिठ्ठी आंत घालून ठेवावी.